घरातल्या ओव्या रेकॉर्ड करायच्या तर

माझा धंदा माइकचा. नारायण पेठेत वडिलांनी सुरू केलेलं लाउडस्पीकरचं दुकान मी तीस वर्षं चालवतोय. गणपती, कीर्तन, लग्नं, सभा, जिथं आवाज लांबपर्यंत पोचवायचा असतो तिथं आम्ही. पाच वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका कार्यालयात हळदीला माझा सेट लागला होता. जात्याला आंब्याचे डहाळे बांधून चार-पाच वयस्कर बायका हळद दळायला बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. जवळ गेलो तेव्हा कळलं की त्या गातायत. माझ्या स्पीकरमधून सिनेमातलं गाणं वाजत होतं आणि चार पावलांवरून त्यांचा एक शब्द कानावर येत नव्हता. मी आवाज खाली घेतला, पण तोवर दळण उरकलं होतं. बायका उठल्या, पदराला हात पुसले आणि जेवायला गेल्या. त्या काय गात होत्या ते मी कुणालाच विचारलं नाही, हे मला अजून लागतं.

त्याच महिन्यात मी पौडच्या पुढे राहणाऱ्या माझ्या आत्याकडे गेलो. तेव्हापासून आतापर्यंत तिच्या 62 ओव्या आम्ही टिपल्यात. त्या करताना काय चुकलं आणि काय जमलं ते इथं सविस्तर लिहितोय. पुण्यात कितीतरी घरं अशी आहेत, ज्यांचं मूळ मुळशीत, मावळात, भोरला नाहीतर जुन्नरला आहे, आणि घरात नाहीतर गावाकडे एक तरी म्हातारी आहे जिला ओव्या येतात. तुमच्याकडे अशी कुणी असेल तर हे वाचून झाल्यावर दिवाळीची वाट बघू नका.

पहिली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: गाण्याला त्याच्या कामासकट बोलवा.

मी पहिल्यांदा आत्याला पुण्यात घरी आणलं, सोफ्यावर बसवलं, तोंडासमोर चांगला महागाचा माइक धरला आणि म्हणालो, "आत्या, ओव्या म्हण." तिनं दोन म्हटल्या, तिसरी अर्ध्यात अडकली. "आठवंना रं बाळा," म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, वय झालं, विसरली. पुढच्या खेपेला मीच तिच्या घरी गेलो. जातं परसात तुळशीजवळ उलटं पडलं होतं, त्यावर कुंडी ठेवलेली. आतेभावानं आणि मी ते आत आणलं, धुतलं. दात पार गुळगुळीत झाले होते, म्हणून टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीनं दगडाला पुन्हा खाचा पाडून घेतल्या. पहिलं दळण दोन मूठ तांदळाचं, ते टाकून दिलं, कारण नव्या टाकीनंतर दगडाची कच येते. मग पोतं अंथरलं, वर जातं मांडलं, आत्या एक पाय लांब करून बसली. तिनं खुंटा धरला, वैरण घातली, म्हणजे दळायचं मूठभर धान्य. दोन फेरे नुसतेच फिरवले. तिसऱ्या फेऱ्याला गळ्यातून ओवी आली. तासाभरात 41 झाल्या. दम खायला तिनं खुंटा सोडला की ओवी थांबायची, पुन्हा धरला की पुढची यायची. आठवण तिच्या डोक्याइतकीच तिच्या दंडात होती.

गावात पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, तशी ओवीही थांबली. कुणी बंदी घातली नव्हती. पहाटे उठून दोन पायली दळायचे कष्ट गेले हे चांगलंच झालं. आत्याच्या खांद्याची अवस्था बघून दळण परत सुरू करा असं मी कुणाला सांगणार नाही. पण एका दिवसासाठी जातं मांडता येतं. जातं नसेल तर खलबत्ता, पाटा-वरवंटा, सूप, जे हाताला ओळखीचं आहे ते द्या. अंगाई हवी असेल तर मांडीवर खरंच एखादं तान्हं पोर असू द्या. भोंडल्याची गाणी हवी असतील तर पाटावर हत्ती काढा आणि चार जणींना फेर धरायला लावा. माझ्या बायकोला बसून सात गाणी आठवली, फेरात अकरा आठवली, आणि कुठल्या गाण्यानंतर कुठलं येतं तो क्रम तर फेरातच सापडला.

आता आवाजाचं. हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

वेगळं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. आजचा साधा मोबाइल पुरतो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन फाइलचा प्रकार डब्ल्यूएव्ही (यात आवाज न आवळता साठतो) निवडा, तो नसेल तर सगळ्यात वरचा दर्जा. डब्ल्यूएव्हीला एका माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण 300 एमबी होतं, म्हणून आदल्या दिवशी फोनमध्ये जागा करून ठेवा. फोन फ्लाइट मोडवर टाका. फोन आला आणि रेकॉर्डिंग तुटलं असं दोनदा झालंय, आणि तुटलेली ओवी म्हातारं माणूस पुन्हा तशीच म्हणत नाही.

'नॉइज कमी करा' असं काही सेटिंग असेल तर ते बंद करा. जात्याची घरघर एकसारखी असते. फोनला तो कचरा वाटतो, आणि तो काढता काढता गाणाऱ्याचा खालचा सूरही खाऊन टाकतो. पहिल्या दिवशीच्या माझ्या सहा ओव्या अशा झाल्यात की आत्या विहिरीतून गातेय असं वाटतं.

फोन जमिनीवर ठेवू नका. दगडाची थरथर फरशीतून थेट माइकमध्ये जाते. स्टुलावर गोधडीची घडी ठेवा आणि त्यावर फोन, गाणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीला, दीड हात लांब, वैरण घालते त्याच्या दुसऱ्या बाजूला. पदराला लावायचा छोटा माइक दळताना वापरू नका. हात हलतो, पदर घासतो, बांगड्या वाजतात आणि शब्द त्याखाली गडप होतात. बांगड्या काढायला मात्र सांगू नका. थोड्या लांबून त्यांचा आवाज छान येतो, आणि तोही त्या ओवीचाच भाग आहे.

पंखा बंद. फ्रीज असेल तर तेवढ्यापुरता बंद, आणि परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. सुरुवातीला तुम्ही स्वतः बोला: तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव, माहेरचं नाव, वय, कोण रेकॉर्ड करतंय. मग दहा सेकंद सगळ्यांनी गप्प राहायचं, खोलीचा नुसता आवाज टिपला गेला पाहिजे. पुढं कधी आवाज साफ करायचा झाला तर तो लागतो. एक मिनिट चाचणी घ्या, कानात हेडफोन घालून ऐका, आणि मगच सुरू करा. एकदा सुरू केलं की दोन ओव्यांच्या मध्ये बंद करू नका. मधल्या गप्पांत, खोकल्यात, "ही माझी थोरली जाऊ म्हनायची" अशा एका वाक्यात पुष्कळ काही असतं.

विचारायचं कसं, हे मी बायकोकडून शिकलो. "ओव्या म्हण" असं म्हटलं की परीक्षेला बसल्यासारखं होतं. ती विचारते, "तुमच्या आई दळताना काय म्हणायच्या?" "भावाची म्हणा." "लेक सासरी निघाली त्याची आहे का एखादी?" विठ्ठलाची, सीतेची, माहेरच्या वाटेची, पावसाची, एकेक विषय काढला की त्या विषयाच्या चार-पाच ओव्या माळेसारख्या येतात. चुकलं तरी अडवायचं नाही. वा-वा करायचं नाही. आणि शक्य असेल तर बाईबरोबर बाईलाच बसू द्या. दळण हे पहाटेचं, बायकांचं, पुरुष झोपेत असतानाचं काम. मी समोर होतो तोवर देवाच्या आणि भावाच्या ओव्या आल्या. दुसऱ्या दिवशी बायको जात्याच्या पलीकडे बसून खुंट्याला हात लावू लागली आणि मी फोन लावून अंगणात गेलो, तेव्हा नवऱ्याच्या आणि सासूच्या आल्या. त्यातल्या तीन मी आजवर ऐकलेल्या नाहीत, आणि ऐकणारही नाही. आत्यानं तसं सांगितलंय.

म्हणून परवानगीचं आत्ताच सांगतो. रेकॉर्ड करण्याआधी विचारा, आणि झाल्यावर पुन्हा विचारा, कारण काय बोलून गेलो ते माणसाला नंतर जाणवतं. घरात ऐकवू का? गावात? मोबाइलवर लोकांना पाठवू? नाव घालू? चारही वेगवेगळे प्रश्न आहेत आणि उत्तरंही वेगवेगळी येतात. आत्याची उत्तरं तिच्याच आवाजात रेकॉर्ड आहेत. जे नको म्हणाली ते एका वेगळ्या पेनड्राइव्हवर, बायकोच्या कपाटात आहे.

मग लिहून काढायचं. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि हेच सगळ्यात जास्त देऊन जातं. शाळेची दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक ओवीला क्रमांक, रेकॉर्डिंगमधलं मिनिट-सेकंद, कुणाकडून शिकली, कोणत्या गळ्यात म्हटली. आत्या चालीला 'गळा' म्हणते. ओवी जशी कानावर पडते तशीच लिहा. तिची ही एक बघा:

पान्याखाली गेला बाई माझ्या आज्याचा गं वाडा
नेनंता माझा चुलता वढी डोंगराला गाडा

माझ्या मुलीनं पहिल्यांदा उतरवून घेतली तेव्हा 'पाण्याखाली' आणि 'ओढी' असं शुद्ध करून टाकलं. मी ते खोडायला लावलं. आत्याच्या तोंडात 'ण' नाही, तर वहीतही नको. अर्थासाठी शेजारी दुसरा रकाना करा, तिथं हवं तेवढं शुद्ध लिहा. 'नेनंता' म्हणजे कोवळ्या वयाचा, हे तिथं गेलं.

आणि माहीत असलेल्या शब्दाचाही अर्थ विचारा. आम्ही पेठेतली माणसं, वाडा म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर चौक, दिंडीदरवाजा आणि शनिवारवाड्याची भिंत येते. मी चार लोकांना सांगूनही बसलो की आमच्या पणजोबांचा, म्हणजे आत्याच्या आजोबांचा, मुळशीत मोठा वाडा होता. मग एकदा आत्यालाच विचारलं, किती खणांचा होता गं? ती म्हणाली, "खन कसले? गुरांचा वाडा त्यो. बारा जनावरं हुती." गोठा! मुळशीचं धरण झालं तेव्हा पाणी आधी गोठ्यात शिरलं, आणि घरातला सगळ्यात लहान मुलगा गाडा घेऊन डोंगर चढला. वीज तयार करण्यासाठी बांधलेल्या त्या धरणाविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो शाळेत आम्ही एका परिच्छेदात शिकलो. त्यात आमचं कुणी होतं, त्याची बारा जनावरं होती, हे मला एका ओवीतल्या एका शब्दानं पन्नाशीत सांगितलं.

याच ओवीचं अजून एक. आत्याच्या थोरल्या जावेच्या लेकीला हीच ओवी आत्याच्या आईकडून ऐकलेली आठवते, आणि तिच्यात 'आज्याचा' नाही, 'सासऱ्याचा' आहे, आणि चुलत्याच्या जागी 'दीर'. मला वाटलं, दोघींपैकी कुणीतरी चुकतंय. कुणीच चुकत नव्हतं. सून गाते तेव्हा सासरा आणि दीर, नात गाते तेव्हा आजा आणि चुलता. जी खुंटा धरते तिची नाती ओवीत येतात. म्हणून दोन पाठ मिळाले तर खरा कोणता ते ठरवत बसू नका, दोन्ही लिहा, गाणारीच्या नावासकट.

नावाचा हा आग्रह माझा एकट्याचा नाही. पुण्यातूनच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980च्या दशकापासून गावोगावच्या बायकांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलंय. आज 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ वाचता आणि काही ऐकताही येतात. आपल्या तालुक्यातल्या बायकांच्या तिथं आहेत का ते नक्की बघा. आत्याला मी मुळशीच्या काही ऐकवल्या, तर तिनं त्यावर आपल्या पाच नव्या काढल्या.

घरात जुन्या कॅसेट असतील तर त्यांची घाई करा, पण दुसऱ्याच्या हवाली करून मोकळे होऊ नका. माझ्या आजीच्या भजनाची एक कॅसेट होती, 1987 सालची. मला वेळ नव्हता म्हणून मी ती एका दुकानात सीडी करायला दिली. त्यांनी 'मोकळ्या जागा' कापून टाकल्या, म्हणजे भजनांच्या मधलं आजीचं बोलणंच गेलं, आणि मूळ टेप मशीनमध्ये गुंतून तुटली. माझ्याच धंद्यातला माणूस मी, आणि हे स्वतः केलं नाही. तुम्ही करत असाल तर टेप वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, चिकटलेले पदर सुटतात. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप जिथं घासून जाते तो भाग, स्पिरिटनं पुसा. सगळं सलग, डब्ल्यूएव्हीत घ्या, काही कापू नका. आणि मूळ कॅसेट फेकू नका, कितीही घरात जागा नसली तरी.

प्रती तीन. एक संगणकात, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि एक घराबाहेर, दुसऱ्या भागातल्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सॲपवर पाठवाल तेव्हा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर आवाज आवळला जाऊ शकतो. आणि व्हॉट्सॲपवर आहे म्हणजे जपलंय असं समजू नका. घराबाहेरच्या प्रतीबद्दल मी हट्टी आहे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा वडील नुकतेच गावाहून येऊन नारायण पेठेत तळमजल्यावर राहत होते. अंगावरच्या कपड्यांनिशी ते बाहेर पडले. पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची भजनाची वही आणि आजीचा एकुलता एक तरुणपणचा फोटो होता. ट्रंक दोन दिवसांनी चिखलात सापडली. आत लगदा होता. आमची तिसरी प्रत बाणेरला मेव्हण्याकडे, आठव्या मजल्यावर आहे. दर गुढीपाडव्याला तिन्ही प्रती उघडून, एकेक फाइल वाजवून बघतो. डिस्क नुसती ठेवली तरी बिघडते.

जुनी कागदपत्रं, मोडीतली बाडं निघाली तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. तो स्वतंत्र विषय आहे. 1910 पासून ते काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्या शहरात आहे, आधी तिथं जाऊन विचारा.

2025 साली शिवनेरी, लोहगड, राजगड यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. मला मनापासून आनंद झाला, पेढे वाटले दुकानात. घरगुती वस्तूंसाठीही आपल्याकडे दिनकर केळकरांसारखा माणूस झाला, ज्यानं आयुष्यभर फिरून दिवे, अडकित्ते, भांडी जमवली. पण लोहगडाच्या पायथ्याशी दळणाऱ्या बाईच्या तोंडात काय होतं ते शोधायला तिच्या नातवालाच जावं लागेल. बाहेरच्या माणसाला ती 'मला न्हाय काय येत' म्हणेल.

आणि टिपलेलं पुन्हा तोंडात आणा. आम्ही महिन्यातल्या एका रविवारी नाचणी दळतो, किलोभरच. जातं आता पुण्यात आमच्या गच्चीत आहे. मुलगी दळते, मी वही धरून बसतो, अडली की सांगतो. आता तिला 19 पाठ आहेत. त्यातल्या एकीत तिनं आपल्या भावाचं नाव घातलं. वहीत ती वेगळ्या क्रमांकानं गेली.

शेवटचं एक काम पुष्कळ जण करत नाहीत. रेकॉर्डिंग ज्यांचं आहे त्यांना ते ऐकवा, आणि ऐकवताना दुसऱ्या फोनवर पुन्हा रेकॉर्डिंग चालू ठेवा. मागच्या पावसाळ्यात मी आत्याच्या कानाला हेडफोन लावले. स्वतःचा आवाज ऐकून आधी ती दचकली, मग डोळे मिटून हातानं हवेतच खुंटा फिरवायला लागली. वाड्याची ओवी आली तशी तिनं हेडफोन खाली ओढले. "हे अर्धंच हाय. म्होरलं ऱ्हायलं की रं." आणि जात्याशिवायच, न अडखळता, तिनं पुढची म्हटली:

डोंगराच्या खांदीला गाडा थांबला थांबला
मागं बगतो चुलता, दिवा पान्यात लांबला

तीच 62वी.